आडापर्यंतची पाटी

आषाढ शुद्ध चतुर्दशीला आप्पांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नियम घेतला. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पुढे बस्तीपलीकडे जायचे नाही आणि मागे आडापलीकडे जायचे नाही. उपाध्यांनी शब्द सांगितले, आप्पांनी ते म्हटले. आक्का शेजारी उभ्या होत्या. मी दाराशी होतो.

आप्पा म्हणजे माझे घरमालक आणि आक्का त्यांच्या पत्नी. निपाणीच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा एक ट्रंक आणि दोन पेट्या पुस्तके घेऊन मी बेळगावहून त्यांच्या माडीवर राहायला आलो, आणि सोळा वर्षे राहिलो. ते जैन, तंबाखूचे व्यापारी. घरात कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा चालत, पण त्यांची वाटणी ठरलेली होती. आप्पा कण्हायचे कन्नडमध्ये आणि फुशारकी मारायचे मराठीत. सकाळी माडीखालून "अव्वा… अव्वा…" असे ऐकू आले की समजावे, आप्पा अंथरुणातून उठायला लागले. त्यानंतर पाऊण तासाने "मास्तर, झोपलाय का मेलाय?" अशी हाक आली की समजावे, उठले.

त्यांना संधिवात होता. दोन्ही गुडघे सुजून टणक झालेले. आले हा कंद, म्हणून ते कधी खात नसत. पण त्यांच्या हाताची बोटे मात्र आल्याच्या कुडीसारखी वेडीवाकडी झाली होती. गुडघ्यांना ते गरम केलेले तंबाखूचे पान बांधत. त्यामुळे ते खोलीत येऊन गेले की माझ्या पुस्तकांनाही तासभर वास येई. जिना ते उलटे उतरत, कठड्याला धरून, तोंड वर माझ्याकडे करून. तसे उतरणे गुडघ्यांना सोपे जाई, हे मला वर्षभराने कळले. तोवर मी त्यांचे कारण खरे मानून चाललो होतो. ते म्हणत, "बोलत्या माणसाकडं पाठ करून जाऊ न्हाई, मास्तर. तुमच्या बुकात लिवलं न्हाय का?"

असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर आट्यापाट्या खेळत होता.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मातीत नऊ आडव्या चऱ्या खणतात. एकेका चरीला पाटी म्हणायचे. प्रत्येक पाटीवर एक गडी उभा राहतो. तो पाटीवरच डावीउजवीकडे सरकू शकतो, पाटी सोडून पुढे-मागे जाऊ शकत नाही. समोरच्या बाजूच्या गड्यांनी त्याला हुलकावणी देऊन एकेक पाटी ओलांडायची, नवव्या पाटीच्या पार जायचे, आणि तसेच परत यायचे. वाटेत पाटीवाल्याचा हात लागला की गडी बाद. परत आला की लोण.

आप्पांचे ठाम मत होते की हा खेळ संधिवाताच्या माणसानेच काढला असणार. "पळायचं त्यांनी. आपुन रेघंवर हुबं ऱ्हायचं आन् वाट बघायची. व्यापारात दुसरं काय करतो मी?" दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घराला लागून असलेल्या वखारीमागच्या माळावर निपाणीकरांचा आणि चिकोडीकरांचा सामना होई, आणि शेवटची पाटी वीस वर्षे आप्पांची होती.

वैद्यबुवा हा विषय निघाला की डोक्याला हात लावत. पहिल्यांदा त्यांनी लसूण सुचवली, दुधात उकळून, चाळीस दिवस. आप्पांनी दोन्ही हात जोडले, चेहरा अगदी दुःखी केला आणि म्हणाले, "काय करू, वैद्यबुवा? धर्म आडवा येतो." लसणीच्या वासाचा त्यांना मुळातच तिटकारा होता. एखादा नावडता पदार्थ धर्मानेच वर्ज्य केलेला सापडावा, याचा केवढा आनंद त्यांच्या डोळ्यांत होता तो मी पाहिला आहे. मग वैद्यबुवा म्हणाले, "बरं, निदान तो खेळ तरी सोडा."

आतून आक्कांचा आवाज आला, "विचारा की, त्याला आडवा येतोय का धर्म?"

आप्पा हसले. त्यांनी तेव्हा हसायला नको होते.

नियमाच्या आदल्या दसऱ्याला ते सामन्यात पडले आणि तीन आठवडे अंथरुणाला खिळले. उठवायचे, बसवायचे, कुशीवर वळवायचे, सगळे आक्काच करत. एकदा मी विचारपूस करायला खाली गेलो तेव्हा त्या दारात कमरेला हात लावून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मास्तर, हेंचे गुडघे समद्या गावाला ठावं हायत. माझी कंबर कुणाला ठावं हाय? पुन्यांदा पडले तर मला न्हाय उचलायचं."

चातुर्मासात श्रावक काही ना काही नियम घेतात. कुणी हिरवी भाजी सोडतो, कुणी एकवेळ जेवतो. अमुक हद्दीपलीकडे पाऊल टाकणार नाही, असाही एक नियम असतो. आक्कांनी नेमका तो निवडला. बस्तीत उपाध्यांसमोर, पाचपन्नास माणसांसमोर, त्या शांतपणे म्हणाल्या, "लसणीला धर्म आडवा आला न्हवं? मग आता धर्माचंच ऐका." माळ आडाच्या पलीकडे होता. पौर्णिमा दसऱ्याच्या पलीकडे होती. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी पायांतल्या वहाणांकडे पाहिले.

सुरुवातीचे दिवस त्यांनी थट्टेवारी नेले. "आता मी संस्थानिक झालो. माझ्या राज्याच्या हद्दी ठरल्या," म्हणायचे. पण आक्कांनी हद्द घातली होती खेळाला, आणि आप्पांनी रुसून सगळेच चालणेफिरणे सोडले. दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यावर तक्क्याला टेकून बसायचे. श्रावण अर्धा झाला तेव्हा सकाळचा पाऊण तास दोन तासांवर गेला होता. बस्तीला तीनच पायऱ्या. त्या चढवायला दोन हमाल लागू लागले. नंतर नंतर "मास्तर, झोपलाय का मेलाय?" ही हाकही येईनाशी झाली. मला त्या हाकेचा रागच होता. ती बंद झाल्यावर मात्र मी पुस्तक उघडून नुसता बसू लागलो.

वखारीच्या मोठ्या दाराची एक बिजागरी होती. आप्पा ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "बघा. रोज उघडतो तर कुरकुरतीया, पर उघडतीया. चार म्हैने बंद ठिवा, मग कुऱ्हाडीनं उघडावं लागंल." माणसांचे गुडघे आणि वखारीची बिजागरी यांत ते फरक मानत नसत. एके दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, बिजागरी धरली."

मी छत्री भिंतीला टेकवली.

"पुनवेला नियम सुटंल," ते म्हणाले. "पाय सुटायचा न्हाय."

आक्का परसात होत्या. मी त्यांच्या पाठीकडे पाहिले आणि मला स्वतःचीच लाज वाटेल असे एक वाक्य बोललो. मी म्हणालो, "आप्पा, नियम आडापर्यंतचा आहे. आडापर्यंत जायला मनाई नाही."

आप्पांनी तक्क्यावरची पाठ उचलली. मग म्हणाले, "मास्तर, तुमी गप बसणारी माणसं. लई घातकी."

दुसऱ्या दिवशी आडाच्या अलीकडे, कठड्याला समांतर, एक चर खणली गेली. आक्कांनी विचारले तेव्हा, पावसाचे पाणी जायला, असे सांगण्यात आले. परसाचा उतार दुसरीकडे होता, पण आक्का चरीकडे एकदा बघून आत गेल्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत वखारीतले दोन हमाल आणि त्यांचा मुकादम त्या चरीवरून पळू लागले, आणि आप्पा चरीवर उभे राहून त्यांना हात लावू लागले. पहिले आठ दिवस त्यांचा हात कुणालाच लागला नाही. ते नुसते काठी टेकत या टोकापासून त्या टोकाला जात आणि "अव्वा" म्हणत. नवव्या दिवशी काठी आडाला टेकवून ठेवली. मुकादम मला म्हणाला, "मालकांस्नी हात लावू द्यायचा व्हय मास्तर, का खरं पळायचं?" मी म्हणालो, खरे पळा. खोटे पळालात तर ते आधी तुम्हाला मारतील, मग मला.

भाद्रपदात सकाळी वाचताना मला परसातून 'कट्… कट्…' असा आवाज येऊ लागला. आप्पांनी सुपारी कातरायला घेतली, असे मी धरून चाललो. असे पंधरा दिवस चालल्यावर, एवढी सुपारी खातो कोण, म्हणून मी खाली डोकावलो. आप्पा पाटीवर उभे होते. हातात अडकित्ता नव्हता. टाच आत घेऊन, चवडा बाहेर फिरवून ते उजवा गुडघा वाजवत होते.

"या," ते म्हणाले. "गेल्या साली मी का हरलो, ठावं हाय?"

"पडलात म्हणून."

"पडलो ते मागनं. आधी ह्यानं घात केला." त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "उजवीकडं निघालो की हा आधी वाजतो. चिकोडीचा तो कासार हाय न्हवं, त्यानं हेरलं. गुडघा वाजला की पोरं डावीकडनं सुटायची. माझाच गुडघा आन् त्यांचा हेर. आता बघा." गुडघा वाजला, आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस डावीकडे सरकला. फार चपळाईने नव्हे. पण डावीकडे.

दसऱ्याच्या आधी माळावर नवे मैदान आखायचे काम आप्पांनी माझ्यावर सोपवले. मी सुतळी घेऊन मोजले. आठ पाट्या माळावर आल्या आणि नववी, म्हणजे शेवटची, बरोबर परसातल्या त्या चरीवर बसली. ती चर आडाच्या अलीकडच्या कठड्याच्या रेषेत होती. चार बोटेही पुढे नव्हती. एखादा ग्रंथ शोधून काढल्याचे समाधान मला त्या मोजणीने दिले, हे कबूल करतो.

सामन्याच्या दिवशी दुपारी माणसे जमली. चिकोडीकर आले. त्यांचा नायक तो कासार. बांगड्या भरणारा, हाताचा हलका आणि पायाचा त्याहून हलका. आप्पा पाटीवर उभे राहिले तसे घराचे मागचे दार उघडले आणि आक्का बाहेर आल्या. त्या चरीपाशी थांबल्या, मग आडाकडे बघितले, मग माझ्याकडे.

"कुणी मोजलं हे?"

"मी," मी म्हणालो.

"आड आत का भायेर?"

"कठड्यापर्यंत आत आहे, आक्का. रेघ अलीकडे आहे."

"शिकलेला माणूस," त्या म्हणाल्या. ती शिवी होती की प्रशस्ती, मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग त्या जाऊन आडाच्या कट्ट्यावर बसल्या. तिथून ती रेघ टोकापासून टोकापर्यंत सरळ दिसत होती. "पाऊल पल्याड गेलं की मी उपाध्यांस्नी सांगणार," त्यांनी आप्पांना बजावले. "आन् जेवण दिवसाउजेडी. सूर्य वखारीच्या कौलाला लागला की खेळ बंद. ताट वाढून आलेय मी."

सामना मी सगळा सांगत नाही. मला खेळातले तेवढे कळतही नाही. निपाणीकरांचा डाव होऊन त्यांनी दोन लोण काढले होते. चिकोडीकरांचाही आता एक निघाला होता. दुसरा निघाला तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर मान पाहुण्यांचा, असा रिवाज होता. आप्पांचा उजवा गुडघा वाजला आणि चिकोडीचा एक गडी डावीकडून सुटायला गेला, तो सरळ आप्पांच्या हातात. थोड्या वेळाने दुसराही तसाच गेला. लोक ओरडू लागले. कासार मात्र ओरडला नाही. तो आप्पांच्या पायांकडे बघत होता.

शेवटी तो एकटाच राहिला. आठ पाट्या ओलांडून आला, आप्पांच्या बोटांखालून निसटून परसात शिरला आणि आता परत फिरायला उभा राहिला. ऊन कौलापासून वीतभर. आप्पा त्याच्याकडे वळून उभे. एवढी माणसे असून मला आडाच्या रहाटाची कुरकुर ऐकू येत होती.

"आप्पा, वाजवा की," कासार हसून म्हणाला.

"तुज्या सांगण्यावर वाजतोय व्हय रं?" आप्पा म्हणाले.

आणि गुडघा वाजला. कासार आता शहाणा झाला होता. उजवा वाजला म्हणजे म्हातारा डावीकडे येणार. तो आप्पांच्या उजवीकडून सुटला. आप्पाही उजवीकडेच गेले. कासाराच्या पाठीवर त्यांची पाचही वाकडी बोटे उमटली, आणि त्या झोकाबरोबर आप्पा पाटीवरून माळाच्या बाजूला आडवे झाले.

मुकादम धावला, पण आक्कांनी हात वर केला तसा तो थांबला. आप्पांचे पाय चरीत होते. डोके, छाती, हात, सगळे हद्दीच्या पलीकडे मातीत. ते तसेच पडून होते; त्यांनी आक्कांकडे तोंड वळवले. दुखत असणार, पण "अव्वा" म्हणाले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेली भीती होती. सामना जिंकला होता. पाय चालू होते की गेले, ते अजून कळायचे होते. आणि नियम मोडला की राहिला, ते एका माणसाच्या हातात होते.

आक्का कट्ट्यावरून उतरल्या. आधी त्यांनी पाय पाहिले. मग डोके पाहिले. मग जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नियम पल्याड न जायचा होता. हे गेले न्हाईत. पडल्यात."

गर्दीत उपाध्ये उभे होते. ते आभाळाकडे बघू लागले.

"आता उठा," आक्का म्हणाल्या. "ताट निवतंय. सूर्य बुडाला तर उपाशी ऱ्हाशीला."

"हात दे," आप्पा म्हणाले.

"न्हाय देणार. सांगितलंय मी मास्तरांस्नी."

आप्पा उठले. आधी कोपरांवर, मग एक गुडघा, मग दुसरा. "अव्वा" म्हणत, पण स्वतःचे स्वतः उठले, आणि लंगडत घरात जाऊन सूर्यास्ताआधी जेवले. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारले, तिसऱ्यांदा उजवीकडे जायची युक्ती कशी सुचली? ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "कुणास्नी सांगू नका. तो मी वाजवला न्हवता. आपल्या मनानं वाजला. मी उजवीकडंच निघालो हुतो, म्हणून वाजला."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून "अव्वा… अव्वा…" ऐकू आले. पण "मास्तर" ही हाक यायच्या आधी आक्कांचा आवाज आला: "उठा. मी पाण्याला निघाले."

मी खिडकीतून पाहिले. आक्का रिकामी घागर घेऊन आडाकडे चालल्या होत्या आणि आप्पा पाटीवर उभे होते. आक्का चरीपाशी थांबल्या, उजवीकडे झुकल्यासारखे केले आणि डावीकडून निघून गेल्या. आप्पांचा हात हवेत राहिला. आक्कांनी पाणी शेंदले, फडक्याने गाळले, फडक्यातले जीव पुन्हा आडात सोडले, भरली घागर कमरेवर घेतली आणि परत फिरल्या. घागरीला हात लागला तर आप्पा जिंकले. न लागला तर त्यांनी निरगुडीचा काढा मुकाट्याने प्यायचा, असे ठरले असावे. कारण पुढे मी तिथे होतो तोवर रोज सकाळी ते हा खेळ खेळताना आणि बहुतेक रोज सकाळी आप्पा काढा पिताना मी पाहिले. माळावरच्या सामन्यात ते पुन्हा उतरले नाहीत. आक्कांच्या मते तो नियम आता जन्माचा होता, आणि आप्पांच्या मते चिकोडीकरांपेक्षा आक्का अवघड होत्या. बस्तीच्या पायऱ्या मात्र ते स्वतः चढत. सकाळचा पाऊण तास पाऊण तासच राहिला.

मी गप्प बसणारा माणूस. खिडकीतून बघतो हे त्या दोघांना कधी कळू दिले नाही. पण एकदा काढा संपवून आप्पांनी वाटी खाली ठेवली आणि वर न बघताच म्हणाले, "मास्तर, एवढं बघताय तर मोजायला तरी शिका. आज घागर तिरकी हुती. हात लागला हुता."

मग माझी बदली बेळगावला झाली. पत्रे येत. अक्षर वाकडे होत गेले, मजकूर नाही.

या माघात आप्पा गेले. मी निपाणीला पोचलो तेव्हा त्यांना तिरडीवर ठेवत होते. उचलताना उजवा गुडघा वाजला. सगळे जागच्या जागी थांबले. मुकादम आता म्हातारा झाला आहे, तो डोळे पुसत म्हणाला, "जपून रं. डावीकडं जाणार दिसत्यात." आणि त्या अंगणात, रडता रडता, माणसे हसली. आतून बायकांचा आवाज क्षणभर थांबला. त्याही हसल्या असाव्यात.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन आलो. माडी रिकामी आहे. वखारीचे दार उघडते. परसातली पाटी आहे; पावसाने बुजली की आक्का ती उकरून घेतात. सकाळी त्या घागर घेऊन आडाकडे जातात, पाटीपाशी थांबतात, उजवीकडे झुकतात आणि डावीकडून जातात.